जमशेटजी टाटा : पुरोहिताच्या घराण्यातील कर्मयोगी

टाटा हे नाव आपल्या जिल्ह्यात ज्याला ठाऊक नाही असा माणूस विरळाच. रस्त्यावरच्या ट्रकवर ते असते, स्वयंपाकघरातल्या मिठाच्या पुडीवर असते. परंतु या घराण्याचा कर्ता पुरुष कोणत्या धर्माच्या संस्कारात वाढला आणि आपल्या विदर्भाच्या कापसाशी त्याचा काय संबंध होता, असे विचारले तर आपल्यापैकी बरेचजण गप्प बसतील. मी स्वतः कापूस पिकविणाऱ्या घरातला. म्हणून जमशेटजींच्या चरित्राकडे वळलो तो एक प्रश्न मनात धरून. पिढीजात पौरोहित्य बाजूला ठेवून गिरणी काढणाऱ्या माणसाने धर्म सोडला, की धर्म पाळला?

या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर आधी त्यांचा धर्म समजून घ्यावा लागतो. पारशी धर्माचा संस्थापक जरथुष्ट्र. भाषेच्या पुराव्यावरून बरेच अभ्यासक त्याचा काळ ख्रिस्तपूर्व १५०० ते १००० च्या दरम्यान धरतात. त्याच्या गाथांची भाषा ऋग्वेदाच्या भाषेची सख्खी बहीण शोभावी अशी आहे. आपला यज्ञ तो त्यांचा यस्न, आपला सोम तो त्यांचा हओम. वेदांतील ऋत म्हणजे विश्वाचा सत्य नियम. त्यालाच ते अश म्हणतात. मात्र आपले देव तिकडे दएव, म्हणजे दुष्ट शक्ती ठरले! एकाच घरातल्या दोन भावांनी वेगळ्या चुली मांडाव्यात, तसा हा प्रकार.

जरथुष्ट्राने अहुर मज्द या एका परमेश्वराची उपासना शिकविली. सत् आणि असत् या दोन प्रवृत्तींचा झगडा जगात चालू आहे आणि प्रत्येक माणसाने स्वतः विचार करून आपली बाजू निवडायची आहे, असे हा धर्म सांगतो. सद्विचार, सद्वचन आणि सत्कर्म ही त्याची त्रिसूत्री. अग्नी हे पवित्र प्रकाशाचे प्रतीक आहे. पारशी लोक अग्नीलाच देव मानतात ही समजूत बरोबर नव्हे. आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. या धर्मात संसाराचा त्याग करणे हे पुण्य नाही. जमीन कसणे, धान्य पिकविणे, झाडे लावणे, ओसाड भूमी हिरवी करणे यांना त्यांच्या धर्मग्रंथांत धर्मकृत्याचा मान आहे.

सातव्या शतकात इराणचे सासानी साम्राज्य अरबांपुढे कोसळले. त्यानंतर या धर्माचे काही अनुयायी समुद्रमार्गे गुजरातेत संजाणला आले. पुढे नवसारी हे त्यांच्या पुरोहितांचे मोठे केंद्र झाले. त्याच नवसारीत ३ मार्च १८३९ रोजी एका पुरोहित घराण्यात जमशेटजींचा जन्म झाला. वडील नसरवानजी हे पौरोहित्य सोडून व्यापारात पडलेले त्या घराण्यातील पहिले गृहस्थ.

आपल्याकडे मुंज होते तशी पारशी मुलामुलींची नवजोत होते. तीत सुद्रा आणि कस्ती धारण करावी लागते. लोकरीच्या बहात्तर धाग्यांची कस्ती कमरेभोवती तीन वेढे घेऊन बांधतात. सुद्रा म्हणजे पांढऱ्या सुती कापडाची बंडी. तिच्या गळ्याशी एक इवलासा खिसा असतो. हा खिसा पैशासाठी नाही. सत्कर्मांनी तो भरत राहायचे, याची ती रोजची आठवण. व्यापाऱ्याच्या मुलाच्या अंगावर असा खिसा असावा, हा योग मला मोठा अर्थपूर्ण वाटतो.

मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातले शिक्षण १८५८ साली पुरे करून जमशेटजी वडिलांच्या पेढीत आले आणि १८५९ मध्ये हाँगकाँगला गेले. चीनशी चालणाऱ्या त्या व्यापारात कापसाबरोबर अफूही होती. थोर पुरुषाचे चरित्र लिहिताना ही गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पुढे अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव गगनाला भिडले, आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच कोसळले. मुंबईतल्या कित्येक पेढ्या बुडाल्या. त्या वेळी तरुण जमशेटजी लंडनमध्ये होते आणि हाती होत्या त्या किंमत उतरलेल्या हुंड्या. ते पळाले नाहीत. सावकारांपुढे उभे राहून त्यांनी खरा हिशेब मांडला. सावकारांचा त्यांच्यावर इतका विश्वास बसला, की देणी निस्तरण्याच्या कामावर त्यांनी जमशेटजींनाच पगार देऊन नेमले. सद्वचनाची याहून कठीण परीक्षा कोणती असणार?

घराणे सावरल्यावर जमशेटजींनी लँकेशायरच्या गिरण्या पाहिल्या आणि स्वतःची गिरणी काढण्याचे ठरविले. सारे मुंबईकडे धावत होते. यांनी नागपूर निवडले. कारणे साधी होती. कापूस जिथे पिकतो तिथेच गिरणी असावी. १८६७ साली आगगाडी नागपुरास पोचली होती, आणि कोळशासाठी वरोऱ्याच्या खाणी जवळ होत्या. आपल्या हिंगणघाटचा कापूस तर लिव्हरपूलच्या बाजारात स्वतःच्या नावाने ओळखला जाई. तो कापूस सातासमुद्रापलीकडे जायचा आणि कापड होऊन दामदुपटीने परत यायचा. हे चक्र इथेच थांबवावे, हा त्यांचा हिशेब.

१८७४ मध्ये पंधरा लाखांच्या भांडवलावर कंपनी उभी राहिली. जुम्मा तलावाजवळची दलदलीची जागा भरून काढताना एका स्थानिक सावकाराने भांडवल देण्याचे नाकारले. मातीत सोने पुरण्याचा हा धंदा आहे असे त्याचे मत होते. पुढे, जमशेटजींनी माती टाकून सोने काढले अशी कबुली त्यानेच दिली, असे सांगतात. १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू झाली. मात्र तिचा इतिहास नुसता यशाचा नाही. त्याच वर्षी मजुरीच्या दरावरून तिथे संप झाला. भारतातील कामगारांच्या अगदी पहिल्या संपांत त्याची गणना होते.

त्या काळी गिरणीत सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत राबावे लागे आणि मजुरांच्या जिवाची फिकीर थोड्यांनाच होती. अशा काळात एम्प्रेस मिलमध्ये १८८६ साली निवृत्तिवेतनाचा निधी सुरू झाला आणि १८९५ पासून अपघाताची भरपाई मिळू लागली. सरकारी कायद्याने कामगारांना अशी भरपाई मिळायला १९२३ साल उजाडले! गिरणीत हजर राहणारा, टिकणारा कामगार मालकाला हवा होता, हेही खरेच. पण स्वार्थ आणि न्याय एका वाटेने चालवता येतात, हे ओळखायलाही दृष्टी लागते.

१८८६ मध्येच त्यांनी कुर्ल्याच्या गिरणीला स्वदेशी हे नाव दिले. बंगालची स्वदेशी चळवळ त्यानंतर एकोणीस वर्षांनी आली. १८९२ साली उच्च शिक्षणासाठी परदेशी जाणाऱ्यांकरिता त्यांनी निधी काढला. आरंभी तो पारशी विद्यार्थ्यांपुरता होता; १८९४ पासून तो सर्व भारतीयांना खुला झाला. पारशी समाज धर्मांतराने कुणाला आपल्यात घेत नाही, पण या पारशाने आपल्या दानाचे दार सर्वांना उघडले. विज्ञान संस्थेसाठी तर त्यांनी सुमारे तीस लाखांची मिळकत देऊ केली. चांदा जिल्ह्यातील लोखंडाच्या दगडावरचा १८८२ चा एक अहवाल वाचून त्यांनी पोलादाच्या कारखान्याचे स्वप्न पाहिले. वरोऱ्याचा कोळसा त्या कामी उतरला नाही, म्हणून ते स्वप्न आपल्या शेजारून दूर गेले.

१९ मे १९०४ रोजी जर्मनीतील बाड नाउहाइम येथे त्यांचे देहावसान झाले आणि इंग्लंडमधील ब्रुकवूडच्या दफनभूमीत त्यांना चिरविश्रांती मिळाली. पोलादाची कंपनी १९०७ मध्ये आणि बंगलोरची विज्ञान संस्था १९०९ मध्ये स्थापन झाली. दोन्ही त्यांना पाहता आल्या नाहीत. एम्प्रेस मिलही आता उरलेली नाही. ती टाटांकडून सरकारकडे गेली आणि एकविसाव्या शतकाच्या आरंभी कायमची बंद पडली. तिच्या जागी आज मॉल आहे.

आपण सेवाग्रामच्या परिसरातली माणसे. गांधीजी १९३६ साली तिथे राहायला आले आणि याच मातीतल्या कापसाचे सूत त्यांनी चरख्यावर काढायला लावले. गिरणी आणि चरखा यांचे भांडण आपल्या परिचयाचे आहे, आणि ते मिटले असे मी म्हणणार नाही. पण हातातले काम हीच आपली उपासना, या एका गोष्टीवर दोघांचे आयुष्य उभे होते. म्हणून मला वाटते, जमशेटजींनी पुरोहिताचे आसन सोडले, धर्म मात्र सोडला नाही. २०११ च्या जनगणनेत भारतातील पारशी अवघे ५७,२६४ होते. एवढ्याशा समाजाकडून आपण घ्यावे असे काही असेल तर तो सुद्ऱ्याचा खिसा होय. पदवीचा कागद हाती घेऊन आपण बाहेर पडू, तेव्हा नोकरीबरोबर त्या खिशाचाही विचार करायला काय हरकत आहे?