अश्वशिक्षक विष्णुपंत छत्रे

भारतीय सर्कशीचे जनक विष्णुपंत छत्रे तरुणपणी गाण्याच्या ओढीने ग्वाल्हेरला गेले. तेथे त्यांना दोन गुरू लाभले : गायनाचे हद्दूखाँ आणि अश्वविद्येचे बाबासाहेब आपटे. नावलौकिक मात्र झाला तो घोड्यांमुळे. चिआरिनी या इटालियन गृहस्थाची सर्कस मुंबईत पाहून, हे आपल्या लोकांनाही साधेल या जिद्दीने त्यांनी १८८० साली ‘ग्रेट इंडियन सर्कस’ उभी केली.

सर्कशीचे रिंगण साधारण ४२ फूट व्यासाचे. एवढ्याशा जागेत दौडणाऱ्या घोड्याचा आतल्या बाजूचा पुढचा पाय आघाडीवर पडावा लागतो. डावीकडे वळताना डावा, उजवीकडे वळताना उजवा. तो चुकला की घोड्याचा तोल बिघडतो आणि पाठीवर उभा असलेला स्वारही डगमगतो. दौडीचे पहिले पाऊल मात्र बाहेरच्या मागच्या पायाचे असते. म्हणून जाणता शिक्षक घोड्याला दुडक्या चालीने वळणावर आणतो, त्याची मान किंचित आत वळवतो आणि बाहेरच्या टाचेने इशारा देतो. पाय चुकला तर चाबूक न उगारता पुन्हा दुडकीवर आणतो व पुन्हा इशारा देतो.

हाच धीर विष्णुपंतांनी माणसांच्या बाबतीतही दाखविला. गुरुपुत्र रहिमतखाँ विपन्नावस्थेत भटकत असता त्यांनी त्यांना आपल्याजवळ आणले, सांभाळले आणि सर्कशीबरोबर गावोगाव नेऊन त्यांचे गाणे रसिकांना ऐकविले. ग्वाल्हेरच्या विद्येचे ऋण त्यांनी असे फेडले.