स्कॉटलंडचे पाद्री अन् गोंडांचा लिंगो: कोण होते स्टीफन हिस्लॉप? कचारगडशी काय संबंध?

माघ पौर्णिमेला गोंदिया जिल्ह्यातील सालेकसा तालुक्यात कचारगडची वाट माणसांनी फुलते. मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातून गोंड कुटुंबे येतात. आजी-आजोबांपासून खांद्यावरच्या लेकरापर्यंत सगळे धनेगावहून डोंगर चढून गुहेपर्यंत जातात. ही यात्रा ज्या लिंगोच्या नावाने होते, त्याची गाथा कागदावर उतरवणाऱ्या सुरुवातीच्या माणसांपैकी एक होते स्टीफन हिस्लॉप.

कोण होते हिस्लॉप?
जन्म ८ सप्टेंबर १८१७, स्कॉटलंडमधील डन्स गावी, लॅमरम्युअर डोंगरांच्या पायथ्याशी. दगड आणि किडे जमवण्याचा नाद लहानपणापासूनचा. १८४५ मध्ये, वयाच्या २७व्या वर्षी, ते मिशनरी म्हणून नागपुरात आले. तेव्हा तिथे भोसल्यांचे राज्य होते.

नागपुरात काय केले?
शाळा काढली. हाती हातोडी घेऊन नागपूरच्या आसपासचे खडक तपासले. सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासोबत जीवाश्म गोळा केले. हिस्लॉपाइट हे खनिज त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

लिंगोची गाथा कशी मिळाली?
गोंडांचा इतिहास प्रधान गायकांच्या तोंडी होता. गायक गेला की गाणेही जाणार. हिस्लॉप यांनी हे गाणे गोंडी भाषेतच लिहून घेतले. त्यात काचीकोपा लोहगड हे ठिकाण येते. ते म्हणजेच कचारगड, अशी गोंड समाजाची श्रद्धा आहे.

मृत्यू कसा झाला?
४ सप्टेंबर १८६३. नागपूरजवळ टाकळघाट येथील प्राचीन शिळावर्तुळे पाहून घोड्यावरून परतताना ते पुराच्या पाण्यात बुडाले. वय अवघे ४५. गोंडांवरील टिपणे तोवर छापलीही नव्हती. मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांनी ती १८६६ मध्ये प्रसिद्ध केली, म्हणून गाथा वाचली. नागपुरात १८८३ मध्ये सुरू झालेले हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचे.

मग हीच गाथा अंतिम मानायची का?
नाही. हिस्लॉप धर्मप्रसारासाठी आले होते आणि त्यांनी लिहिले ते एका परंपरेतले गाणे. मोतीरावण कंगाली यांच्यासारख्या गोंड अभ्यासकांनी पुढे लिंगोची कथा आपल्या परंपरेतून वेगळी मांडली. कचारगडच्या वाटेवर ती आजही मोठ्यांकडून पोरांना तोंडीच सांगितली जाते. यंदा चढाल तर सोबतच्या एखाद्या आजोबांना नक्की विचारा.