झेनोफन

इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात ग्रीस देशातील अथेन्स नगरीत झेनोफनचा जन्म झाला. थोर तत्त्वज्ञ सॉक्रेटिसाचा तो शिष्य. इराणचा राजपुत्र सायरस याने आपल्या वडील भावाचे सिंहासन मिळवण्यासाठी दहा हजारांहून अधिक ग्रीक सैनिक पगारी ठेवले होते. एका मित्राच्या आग्रहावरून झेनोफनही त्यांच्याबरोबर गेला. पण तो सेनापतीही नव्हता आणि शिपाईही नव्हता.

इ. स. पू. ४०१ मध्ये बाबिलोनजवळ कुनाक्सा येथे लढाई झाली. तीत सायरस मारला गेला. मग इराणी सरदाराने ग्रीक सेनापतींना बोलणी करण्यास बोलावले व दग्याने पकडले. पुढे त्यांचा शिरच्छेद झाला. मुलूख परका, वाटाड्या नाही, अन्न नाही आणि घर शेकडो कोस दूर! त्या रात्री छावणीत फारच थोड्या चुली पेटल्या. मुलाबाळांच्या आठवणीने कोणाचा डोळा लागेना. झेनोफनही तळमळत होता. परंतु दुसरा कोणी पुढे होईल, अशी वाट पाहत बसलो तर सर्वांचाच नाश ओढवेल, हे त्याने जाणले. तो उठला व त्याने अधिकाऱ्यांना जागे केले. नवे सेनापती निवडले गेले; त्यांत झेनोफनही होता.

सेना उत्तरेकडे निघाली. आर्मेनियाच्या पठारावर पुरुषभर बर्फ साचले होते. त्याच्या चकाकीने कित्येकांची दृष्टी गेली. थंडीने पायांची बोटे झडली. एके ठिकाणी गरम पाण्याच्या झऱ्यामुळे बर्फ वितळले होते. काही थकलेले सैनिक तेथे बसले, ते उठेनातच. झेनोफनने विनवले, तो रागावला. पण ठार केले तरी आम्ही चालणार नाही, असे ते म्हणू लागले. इतक्यात काळोखात पाठलाग करणारे शत्रू जवळ आले. झेनोफनने पिछाडीच्या तुकडीसह त्यांच्यावर चाल केली. तेव्हा त्या मरणोन्मुख सैनिकांनीही होता नव्हता तेवढा जोर करून आरोळी ठोकली व ढालींवर भाले आपटले. शत्रू घाबरून दरीत पळाले. उद्या माणसे पाठवतो, असे वचन देऊन झेनोफन पुढे गेला. त्याने स्वतः ती रात्र बर्फातच, विस्तवावाचून काढली आणि उजाडताच तरुण सैनिक पाठवून आपले वचन पाळले.

इ. स. पू. ४०० मध्ये एका डोंगरावर आघाडीच्या सैनिकांनी एकच गलका केला. हल्ला झाला असे समजून झेनोफन घोडा दौडवीत गेला. पाहतो तो समोर काळा समुद्र! सेनापती आणि शिपाई एकमेकांना मिठ्या मारून रडू लागले.

या प्रवासाची हकीकत झेनोफनने पुढे ‘अनाबासिस’ या ग्रंथात लिहिली. तो ग्रंथ आजही वाचला जातो.