पंडिता रमाबाई

यंदाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र मी लिहावे, असे आपल्या मंडळाने ठरविले तेव्हा मला प्रथम हसूच आले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण पंडिता रमाबाईंविषयी लिहावे असे मनात फार दिवस होते. आमच्या आजेसासूबाई त्यांचे नाव घेत नसत, बाटलेली बाई एवढेच म्हणत. मीही लग्नानंतर बरीच वर्षे तेच धरून चालले होते. पुढे त्यांचे चरित्र वाचनालयातून आणून वाचले आणि माझी मलाच लाज वाटली.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बायकोला संस्कृत शिकविले म्हणून त्यांना लोकांचा रोष पत्करावा लागला. त्याच आईने, लक्ष्मीबाईंनी, रमाबाईंना शिकविले. सारे कुटुंब तीर्थयात्रा करीत, पुराण सांगत फिरे. १८७४ च्या सुमारास दुष्काळात अन्नान्न दशा झाली आणि थोड्याच महिन्यांत वडील, आई व थोरली बहीण गेली. आई गेली तेव्हा खांदा द्यायला माणसे मिळेनात. दोघे ब्राह्मण कसेबसे आले, तिसरा भाऊ आणि चौथी रमा. स्मशान तीन मैल लांब. रमा ठेंगणी, तिचा खांदा इतरांच्या खांद्याला पुरेना, म्हणून तिने आईची तिरडी डोक्यावर घेतली. हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवले होते. त्या दिवशी पुढे वाचवले नाही.

चारच वर्षांनी, १८७८ साली, कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. तेव्हा त्या वीस वर्षांच्या. पुढे भाऊ वारला. बंगाली वकील बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी लग्न झाले, तेही १८८२ साली गेले. पदरात लहानगी मनोरमा. त्याच वर्षी पुण्यास येऊन त्यांनी आर्य महिला समाज काढला आणि दुसऱ्या वर्षी इंग्लंडला गेल्या.

तेथे लंडनजवळ फुलहॅम येथे जोगिणी वाट चुकलेल्या बायकांना पोटाशी धरून सांभाळीत होत्या, ते त्यांनी पाहिले. ज्या बाईला आपल्याकडे कोणी दारात उभे करणार नाही, तिची सेवा कुलीन बायका का करतात, हा प्रश्न त्यांनी विचारला. तेव्हा त्यांना शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचायला मिळाली. विहिरीवर आलेल्या त्या परजातीच्या, बदनाम बाईपाशी ख्रिस्ताने पाणी मागितले होते. गुरूने शिष्यांचे पाय धुवावे, अशी ही शिकवण. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

येथे एक सांगते. नम्र म्हणजे मान खाली घालणारी बाई, असे आपण समजतो. रमाबाई तशा मुळीच नव्हत्या. त्यांना धर्म शिकविणाऱ्या जोगिणीशी त्यांनी पत्रांतून खूप वाद घातले. पटेल तेच मानीन, असा बाणा. मोठ्या माणसांपुढे न वाकणारी ही बाई वाकली ती फक्त पडलेल्यांना उचलण्यासाठी.

१८८९ साली त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले. पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले. मुली ख्रिस्ती होतील या भीतीने १८९३ साली पुष्कळ पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. सल्लागार मंडळातील रानडे, भांडारकरांसारखे लोकही बाजूला झाले. त्या लोकांचेही काही चुकले असे मला म्हणवत नाही. मुलीची काळजी कोणाला नसते? पण रमाबाई एकट्या पडल्या हे खरे.

१८९६ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा रमाबाई स्वतः तेथे गेल्या. उपाशी, रोगट, कोणी फसविलेल्या मुली त्यांनी केडगावला आणल्या. आईची तिरडी वाहिलेली ती मुलगी त्यांच्यात अजून जिवंत असली पाहिजे. मुक्तिसदनात पुढे हजारांवर बायका-मुली झाल्या. शेती, विणकाम, छापखाना, सगळे बायकांनी चालवायचे. वाट चुकलेल्यांसाठी कृपा सदन निराळे. बाई स्वतः जाडीभरडी पांढरी साडी नेसत आणि साधे अन्न खात.

मागे हळदीकुंकवाला मला मंडळाच्या कमिटीवर घेतले, त्या दिवशी उष्ट्या पत्रावळी उचलायला मी मागे राहिले होते. कोणाच्या लक्षात आले नसेल. मला आले.

पण मला सर्वांत मोठी वाटते ती त्यांची शेवटची कामगिरी. संस्कृतवर ज्यांची एवढी सत्ता, त्यांनी बायबलाचे मराठी भाषांतर करताना जड संस्कृत शब्द कटाक्षाने टाळले. केडगावच्या अडाणी बाईला वाचून समजावे, एवढाच हेतू. त्यासाठी प्रौढ वयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. ज्या विद्येने सरस्वती ही पदवी मिळवून दिली, तीच त्यांनी दूर ठेवली. मला दोन कठीण शब्द आले तरी मी ते बोलताना घुसडते, म्हणून हे मला नीट कळते.

बहिऱ्या झालेल्या, थकलेल्या रमाबाई वर्षानुवर्षे मुद्रिते तपासत बसत. १९१९ साली सरकारने कैसर-ए-हिंद पदक दिले. जुलै १९२१ मध्ये मनोरमाबाई वारल्या. संस्था जिच्या हाती सोपवायची, तीच लेक गेली. तरी काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी केडगावलाच देह ठेवला. ते बायबल १९२४ साली बाहेर पडले. त्याचे खिळे जुळविले होते आणि कागद छापले होते ते तिथल्याच बायकामुलींनी.