एका रात्रीत लिहिलेलं 'पिंग' आणि नेटवर्कला दिशा देणारा माणूस : गोष्ट माइक मूस यांची

ऑफिसमधला एक कम्प्युटर डोळ्यासमोर आणा. त्याला दोन नेटवर्क कार्डं आहेत. एका कार्डात इंटरनेटची वायर, दुसऱ्यात ऑफिसच्या आतल्या नेटवर्कची. प्रिंटर, सर्व्हर, सीसीटीव्ही सगळं त्या दुसऱ्या वायरवर. सकाळी सगळं मस्त चालू असतं. दुपारी अचानक एकही वेबसाइट उघडत नाही. दहा मिनिटांनी नेट आपोआप परत येतं. थोड्या वेळाने पुन्हा जातं.

मग सल्ले सुरू होतात. कुणी म्हणतं वायर बदला, कुणी म्हणतं राउटर बंद करून चालू करा. एकाला तर कार्डच खराब असल्याची खात्री असते. शेवटी आयटीवाला येतो, काळी खिडकी उघडतो आणि इंग्रजीत चार अक्षरं टाइप करतो : पिंग.

ही चार अक्षरांची कमांड एका २५ वर्षांच्या तरुणाने १९८३ च्या डिसेंबरमध्ये एका रात्रीत लिहिली. त्याचं नाव माइक मूस. गंमत म्हणजे दोन कार्डांच्या कम्प्युटरमध्ये हा गोंधळ ज्या गोष्टीमुळे अनेकदा होतो, त्या 'डिफॉल्ट रूट'च्या कल्पनेचं श्रेयही त्यांनाच दिलं जातं.

कोण होते माइक मूस?

मायकल जॉन मूस यांचा जन्म १६ ऑक्टोबर १९५८ चा. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून ते १९७९ मध्ये पदवीधर झाले. कॉलेजात असताना त्यांनी सोनार आणि रडार यंत्रणांची कम्प्युटर मॉडेल्स बनवण्याचं बरंच काम केलं होतं. सोनार म्हणजे पाण्याखाली आवाज सोडायचा, समोरच्या वस्तूवर आपटून तो परत यायला किती वेळ लागतो ते मोजायचं आणि त्यावरून वस्तू किती लांब आहे ते ओळखायचं. कॉलेजातलं हे काम पुढे कुठे उपयोगी पडणार आहे, ते लक्षात ठेवा.

मूस यांनी नोकरी केली ती अमेरिकी लष्कराच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीत. मेरीलँड राज्यातल्या अ‍ॅबर्डीन प्रूव्हिंग ग्राउंड या लष्करी तळावर ही प्रयोगशाळा होती. कम्प्युटरच्या इतिहासात तिचं नाव आधीपासूनच मोठं. एनिअ‍ॅक हा सुरुवातीच्या काळातला गाजलेला इलेक्ट्रॉनिक कम्प्युटर याच प्रयोगशाळेसाठी, तोफांच्या माऱ्याची कोष्टकं काढायला बनवला गेला होता.

नॉर्वेतली गप्पांच्या ओघातली गोष्ट

१९८३ हे वर्ष इंटरनेटसाठी महत्त्वाचं होतं. त्या वर्षी १ जानेवारीला अमेरिकेच्या अर्पानेट या नेटवर्कने टीसीपी-आयपी ही नवी पद्धत स्वीकारली. आजचं इंटरनेट याच पद्धतीवर चालतं. पण तेव्हा सगळंच नवं होतं. बिघाड झाला तर तो नेमका कुठे झालाय, हे शोधायची साधनं जवळपास नव्हतीच.

त्याच वर्षी जुलैमध्ये मूस एका बैठकीसाठी नॉर्वेला गेले होते. तिथे डेव्ह मिल्स हे शास्त्रज्ञही होते. मिल्स बोलता बोलता सांगून गेले की, त्यांनी आपल्या मशीनवर एक प्रयोग केलाय. नेटवर्कवर 'मला उत्तर दे' असा एक छोटा संदेश पाठवायचा आणि उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजायचं. अशा संदेशाची सोय आयसीएमपी या नियमावलीत १९८१ पासूनच होती. पण नेटवर्क तपासायला रोज हाताशी असावं असं त्याचं साधं साधन अजून सगळ्यांच्या मशीनवर आलेलं नव्हतं.

मूस यांनी ते ऐकलं आणि ते परत आले.

डिसेंबरमधली ती रात्र

डिसेंबरमध्ये प्रयोगशाळेचं नेटवर्क विचित्र वागायला लागलं. मूस यांना मिल्स यांचं बोलणं आठवलं. त्यांनी लगेच प्रोग्रॅम लिहायला घेतला.

प्रोग्रॅम लिहून झाला, पण चालेना. का? तर ते ज्या बर्कली युनिक्सवर काम करत होते, त्याच्या गाभ्यातच असे संदेश थेट पाठवायची सोय पूर्ण झालेली नव्हती. दुसरा कुणी असता तर तिथेच थांबला असता. मूस वैतागले आणि त्यांनी ती उणीव स्वतःच भरून काढली. म्हणजे आधी साधन लिहिलं आणि मग ते साधन चालावं म्हणून ऑपरेटिंग सिस्टीमही दुरुस्त केली. सूर्य उगवायच्या आत सगळं चालू झालं होतं.

आणि मग कळलं की, त्यांच्या एका सहकाऱ्याने नेटवर्कच्या हार्डवेअरमधला बिघाड तोवर शोधून दुरुस्तही केला होता. पिंगचा पहिला संदेश सुटण्याआधीच पिंगची गरज संपली होती!

पिंग हे नाव मूस यांनी सोनारच्या आवाजावरून ठेवलं. कॉलेजात पाण्याखालच्या वस्तूंसाठी जे केलं, तेच आता ते नेटवर्कवरच्या मशीनसाठी करत होते. मिल्स यांनी नंतर त्या चार अक्षरांचं एक लांबलचक पूर्ण रूपही तयार केलं, पण मूळ नाव आवाजावरूनच आलेलं.

बर्कलीच्या मंडळींनी हा प्रोग्रॅम आणि गाभ्यातली दुरुस्ती दोन्ही आपल्या युनिक्समध्ये घेतलं. प्रोग्रॅम फुकट होता. त्यामुळे तो एका सिस्टीममधून दुसऱ्या सिस्टीममध्ये जात राहिला आणि विंडोजपर्यंत पोहोचला. आज तुमच्या लॅपटॉपवरही तो आहे.

डिफॉल्ट रूट म्हणजे काय?

आता मूस यांच्या नावाशी जोडली जाणारी दुसरी गोष्ट. कम्प्युटरला एखाद्या पत्त्यावर डेटा पाठवायचा असतो, तेव्हा तो आपल्याकडची रस्त्यांची यादी पाहतो. जगातल्या प्रत्येक नेटवर्कचा रस्ता प्रत्येक कम्प्युटरकडे असणं शक्य नाही. मग ज्या पत्त्याचा रस्ता यादीत सापडत नाही, त्याचं काय करायचं?

गावातलं पोस्ट ऑफिस आठवा. आसपासच्या गावांची पत्रं त्या त्या गावाच्या थैलीत जातात. बाकीची सगळी एकाच थैलीत भरून मोठ्या ऑफिसला पाठवली जातात, पुढचं ते बघतात. ही 'बाकी सगळ्यांची थैली' म्हणजे डिफॉल्ट रूट. ती ज्याच्या हाती दिली जाते, तो डिफॉल्ट गेटवे. तुमच्या घरातला राउटर हेच काम करतो.

कल्पना साधी आहे, पण ती नसती तर प्रत्येक कम्प्युटरला रस्त्यांची भलीमोठी यादी सांभाळत बसावं लागलं असतं.

दोन कार्डं असली की गोंधळ का होतो?

आता पुन्हा त्या ऑफिसमधल्या कम्प्युटरकडे येऊ. दोन कार्डं, दोन पत्ते. सेटिंग करणाऱ्याने दोन्ही कार्डांच्या फॉर्ममध्ये गेटवेचा रकाना दिसला म्हणून दोन्हीकडे भरून टाकला. म्हणजे 'बाकी सगळ्यांची थैली' आता दोन माणसांच्या हाती. त्यातला एक ती इंटरनेटपर्यंत नेतो. दुसरा आतल्या नेटवर्कच्या पुढे जातच नाही.

कम्प्युटर प्रत्येक रस्त्याला एक क्रमांक देतो, त्याला मेट्रिक म्हणतात. ज्याचा आकडा लहान तो रस्ता आधी. एखादी वायर क्षणभर सुटली, वायफायचा वेग बदलला, पत्ता नव्याने मिळाला की हा क्रम बदलू शकतो. मग जो डेटा इंटरनेटकडे जायला हवा तो आतल्या नेटवर्कवर जाऊन हरवतो. म्हणून नेट कधी चालतं, कधी नाही. वायर चांगली, कार्ड चांगलं, राउटर चांगला, तरी काम बंद!

दुसरा प्रकार म्हणजे, प्रश्न एका कार्डावरून येतो आणि उत्तर दुसऱ्या कार्डावरून जातं. वाटेतल्या फायरवॉलला अर्धंच संभाषण दिसतं आणि तो ते अडवतो.

तिसरा प्रकार म्हणजे दोन्ही कार्डांचे पत्ते एकाच नेटवर्कमधले असणं. मग त्या नेटवर्कवरच्या मशीनकडे कोणत्या कार्डाने जायचं, यातच घोळ होतो.

आणि माझ्याकडे कुठे दोन कार्डं आहेत, असं वाटत असेल, तर लॅपटॉपला वायफाय चालू ठेवून लॅनची वायर लावलीत की तुमच्याकडेही दोन कार्डं झाली.

मग बिघाड शोधायचा कसा?

इथे मूस यांचं साधन कामी येतं. पद्धत एकच : अंदाज बांधायचा नाही, एका वेळी एकच प्रश्न विचारायचा.

आधी एक वायर काढा आणि दुसरीवर काम चालतं का बघा. मग उलट करा. दोन्ही कार्डं एकेकटी नीट चालतात, पण एकत्र बिघडतात, तर दोष वायरचा नाही, रस्त्यांचा आहे.

मग प्रत्येक कार्डाच्या जवळच्या राउटरला पिंग करा. ते चाललं की बाहेरच्या एखाद्या पत्त्याला आकड्यांनी पिंग करा, मग नावाने. आकड्यांनी चालतं पण नावाने नाही, तर घोटाळा नावाचा पत्ता शोधून देणाऱ्या डीएनएसमध्ये आहे.

पिंग कोणत्या कार्डावरून सुटावं, हे ठरवता येतं. लिनक्समध्ये त्यासाठी कॅपिटल 'आय' हा पर्याय आहे. विंडोजमध्ये कॅपिटल 'एस' वापरून त्या कार्डाचा पत्ता देता येतो. रस्त्यांची यादी पाहायला विंडोजमध्ये 'रूट प्रिंट' आणि लिनक्समध्ये 'आयपी रूट' ही कमांड आहे. त्यात डिफॉल्ट रूट दोन दिसले, तर चोर सापडला असं समजायला हरकत नाही.

उपाय अगदी साधा. गेटवे फक्त इंटरनेटच्या कार्डावर ठेवा, दुसऱ्या कार्डाचा रकाना रिकामा सोडा. आतल्या भागात आणखी नेटवर्क असतील तर त्यांचे रस्ते वेगळे लिहून द्या. दोन्ही कार्डांना वेगवेगळ्या नेटवर्कमधले पत्ते द्या.

एक मात्र लक्षात ठेवा. पिंगला उत्तर आलं नाही म्हणजे समोरचं मशीन बंदच आहे, असं नाही. अनेक ठिकाणी सुरक्षेसाठी पिंग अडवलेलं असतं.

स्पीकरवर ओरडणारं पिंग

अधूनमधून येणारा बिघाड पकडणं सर्वांत अवघड, कारण तुम्ही बघायला जाता तेव्हा सगळं ठीक असतं. याबद्दलचा एक किस्सा मूस यांना यूझनिक्सच्या संमेलनात ऐकायला मिळाला आणि तो त्यांचा आवडता होता.

एका नेटवर्कवाल्याने पिंगचं प्रत्येक उत्तर बोलून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला जोडलं आणि तो आवाज ऑफिसच्या स्टीरिओवर मोठ्याने लावला. दर सेकंदाला कम्प्युटर ओरडतोय, पिंग, पिंग, पिंग. हा माणूस इमारतभर फिरत एकेक कनेक्टर हलवत राहिला. एका ठिकाणी हात लावला आणि आवाज बंद झाला. सैल वायर सापडली!

पिंगच्या पलीकडचे मूस

मूस यांचं आयुष्यभराचं मोठं काम वेगळंच होतं. १९७९ पासून त्यांनी बीआरएल-कॅड या सॉफ्टवेअरची उभारणी केली. लष्करी वाहनांसारख्या वस्तूंची घन मॉडेल्स कम्प्युटरवर तयार करून त्यांचा अभ्यास करायला ते वापरलं जातं. ते २००४ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं आणि त्यावर आजही काम चालू आहे. दोन मशीनमधला डेटाचा वेग मोजणाऱ्या टीटीसीपी या साधनामागेही मूस होते. पिंग सांगतं रस्ता चालू आहे की नाही, टीटीसीपी सांगतं त्यावरून किती माल जातो. हॅकरचा माग काढण्याच्या कामामुळे क्लिफर्ड स्टोल यांच्या 'द ककूज एग' या पुस्तकातही त्यांचा उल्लेख आहे.

१९९३ मध्ये यूझनिक्सने बर्कलीच्या कम्प्युटर सिस्टिम्स रिसर्च ग्रुपला जीवनगौरव पुरस्कार दिला. त्यात वाटा असलेल्यांमध्ये मूस यांचंही नाव होतं.

इतकं सगळं करूनही लोकांनी त्यांना ओळखलं ते त्या एका रात्रीच्या कामामुळे. मूस यांनाही त्याची गंमत वाटायची. आपली ओळख यानेच होणार हे आधी माहीत असतं, तर आणखी एखाददोन दिवस देऊन त्यात चार पर्याय जास्त टाकले असते, असं ते गमतीने म्हणायचे.

२० नोव्हेंबर २००० रोजी मेरीलँडमध्ये इंटरस्टेट ९५ या महामार्गावर झालेल्या गाडीच्या अपघातात माइक मूस यांचं निधन झालं. तेव्हा ते ४२ वर्षांचे होते. मित्रांनी आणि कुटुंबीयांनी त्यांच्या नावाने जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात एक संशोधन पुरस्कार सुरू केला.

ज्या बिघाडासाठी पिंग लिहिलं गेलं, त्याला ते कधी लागलंच नाही. पण त्यानंतरच्या कितीतरी बिघाडांमध्ये लोकांनी आधी त्यालाच हाक मारली. पुढच्या वेळी दोन कार्डांचा कम्प्युटर रुसला, तर वायर बदलायला धावण्याआधी काळी खिडकी उघडा आणि मूस यांचा तो छोटा प्रश्न विचारून बघा.