ऑस्वल्ड एव्हरी : स्वतःचेच मत तपासून पाहणारा शास्त्रज्ञ

विसाव्या शतकाच्या आरंभी न्यूमोनिया हा अमेरिकेत सर्वाधिक बळी घेणाऱ्या आजारांपैकी एक होता. प्रतिजैविके अद्याप यायची होती आणि निदान झाले तरी डॉक्टरांच्या हाती फारसे काही नसे. या रोगाच्या जीवाणूचा, म्हणजे न्यूमोकोकसचा, शोध घेण्यात ऑस्वल्ड एव्हरी यांनी उभे आयुष्य वेचले. त्या शोधाने त्यांना आनुवंशिकतेच्या मुळाशी नेऊन सोडले.

एव्हरी यांचा जन्म २१ ऑक्टोबर १८७७ रोजी कॅनडातील हॅलिफॅक्स येथे झाला. वडील बाप्टिस्ट धर्मोपदेशक. १८८७ मध्ये कुटुंब न्यूयॉर्कला आले. वडिलांच्या चर्चमध्ये लोक यावेत म्हणून लहानगा ऑस्वल्ड दारात उभा राहून कॉर्नेट वाजवीत असे. १९०४ मध्ये कोलंबिया विद्यापीठातून वैद्यकाची पदवी घेऊन त्यांनी काही काळ रुग्णसेवा केली. पण मन रमले ते प्रयोगशाळेतच. १९१३ मध्ये ते रॉकफेलर संस्थेच्या रुग्णालयात रुजू झाले आणि पुढील पस्तीस वर्षे तेथेच राहिले. ते आजन्म अविवाहित होते.

रोगकारक न्यूमोकोकसभोवती एक गुळगुळीत आवरण असते. त्यामुळे रक्तातील पांढऱ्या पेशींना तो सहजी गिळता येत नाही. हे आवरण शर्करेच्या लांब साखळ्यांचे बनलेले आहे, असे एव्हरी आणि मायकेल हायडेलबर्गर यांनी १९२३ मध्ये दाखवून दिले. आवरणावरून न्यूमोकोकसचे प्रकार ठरत आणि हे प्रकार अढळ आहेत, असे एव्हरी मानीत.

या समजुतीला १९२८ मध्ये लंडनहून धक्का बसला. फ्रेडरिक ग्रिफिथ यांनी उष्णतेने मारलेले आवरणयुक्त जीवाणू आणि जिवंत पण आवरणहीन, निरुपद्रवी जीवाणू एकत्र करून उंदरांना टोचले. एकेकटे दिले असता दोहोंपैकी कोणीही घातक नव्हते. तरीही उंदीर मेले. त्यांच्या रक्तात जिवंत आवरणयुक्त जीवाणू सापडले, तेही मेलेल्या जीवाणूंच्याच प्रकारचे. मृतांकडून जिवंतांकडे काहीतरी गेले होते आणि ते पुढच्या पिढ्यांतही उतरत होते.

एव्हरींचा यावर प्रथम विश्वास बसला नाही. मात्र त्यांच्याच प्रयोगशाळेत मार्टिन डॉसन यांना तोच अनुभव आला. पुढे जेम्स अ‍ॅलोवे यांनी पेशी गाळून काढलेल्या अर्कानेही हे रूपांतर घडवले. तेव्हा एव्हरींनी आपले मत बाजूला ठेवले आणि अर्कातील तो पदार्थ कोणता, या प्रश्नाला हात घातला.

काम कष्टाचे होते. कॉलिन मॅक्लाउड आणि मॅक्लिन मॅकार्टी हे तरुण सहकारी सोबतीला होते. ७५ लिटर द्रवात जीवाणू वाढवावेत, तेव्हा हाती जेमतेम १० ते २५ मिलिग्रॅम शुद्ध पदार्थ यावा, असे ते गणित. प्रथिने नष्ट करणारी विकरे घातली, तरी पदार्थाची शक्ती टिकली. आरएनए नष्ट करूनही ती टिकली. डीएनएचे विघटन करताच मात्र ती संपली. साठ कोटी भागांत एक भाग एवढा विरळ केला, तरी तो पदार्थ परिणाम करीत होता.

१ फेब्रुवारी १९४४ रोजी हा निबंध प्रसिद्ध झाला. एव्हरी तेव्हा ६६ वर्षांचे होते. तो पदार्थ म्हणजे जनुकच असावे, हा विचार त्यांनी आदल्या वर्षी भाऊ रॉय यांना पत्राने कळवला होता. निबंधात मात्र त्यांनी पुराव्यापलीकडे एकही पाऊल टाकले नाही. आनुवंशिकता प्रथिनांत असते, असे बहुतेकांचे मत होते. नमुन्यात प्रथिनांचा अंश उरला असेल, असा आक्षेप त्यांच्याच संस्थेतील अल्फ्रेड मिर्स्की यांनी घेतला. नोबेल पुरस्कारासाठी एव्हरींचे नाव अनेकदा सुचवले गेले, पण तो त्यांना मिळाला नाही.

ज्यांच्या प्रयोगातून हे सारे सुरू झाले, ते ग्रिफिथ १९४१ मध्येच लंडनवरील बॉम्बहल्ल्यात मरण पावले होते. एव्हरी १९४८ मध्ये भावाजवळ नॅशव्हिलला राहायला गेले. १९५३ मध्ये वॉटसन आणि क्रिक यांनी डीएनएची दुहेरी सर्पिल रचना मांडली, ती पाहण्याचे भाग्य त्यांना लाभले. २० फेब्रुवारी १९५५ रोजी त्यांचे निधन झाले.

आज मधुमेहींना लागणारे इन्सुलिन मानवी जनुक जीवाणूत घालून तयार केले जाते. बाहेरून आलेला डीएनए जीवाणूचा गुणधर्म बदलू शकतो, हे एव्हरींनी सिद्ध केलेले सत्यच त्यामागे आहे.