सुपारीचे डॉक्टर : लेस्ली कोलमन

मी तुम्हाला एका थोर शास्त्रज्ञाची माहिती सांगणार आहे. त्यांचे नाव डॉ. लेस्ली चार्ल्स कोलमन. हे नाव आपल्या पुस्तकात नाही. पण कर्नाटकात ते प्रसिद्ध आहेत, आणि आपल्या चिपळूणकडच्या पोफळीच्या वाड्यांनाही त्यांचा उपयोग झाला आहे.

कोलमन यांचा जन्म १६ जून १८७८ रोजी कॅनडा देशातील ऑन्टारियो प्रांतात झाला. कॅनडा हा थंड देश आहे. तिथे हिवाळ्यात बर्फ पडतो. तिथे पोफळ उगवतच नाही. त्यांनी टोरोंटोच्या विद्यापीठात शिक्षण घेतले. नंतर ते जर्मनीत गेले आणि गॉटिंगेनच्या विद्यापीठातून डॉक्टर झाले. पण माणसांना सुई टोचणारे डॉक्टर नाही हं! झाडांचे रोग आणि किडी यांचा त्यांनी अभ्यास केला.

१९०८ साली ते म्हैसूर संस्थानात नोकरीला आले. तेव्हा त्यांचे वय सुमारे ३० वर्षांचे होते. म्हैसूर संस्थानात मलनाड नावाचा डोंगराळ भाग आहे. तिथे आपल्यासारखाच धो धो पाऊस पडतो आणि आपल्यासारख्याच सुपारीच्या बागा आहेत. त्या बागांत दर पावसाळ्यात एक रोग यायचा. हिरव्या सुपाऱ्यांवर आधी ओलसर डाग पडायचे. मग सुपारी कुजायची, तिच्यावर पांढरी बुरशी धरायची आणि घडच्या घड गळून पडायचे. कधी कधी झाडाचा शेंडाही कुजायचा आणि झाड मरायचे. या रोगाला कोळेरोग म्हणतात. कानडीत कोळे म्हणजे कुजणे.

हाच रोग गेल्या श्रावणात आमच्या वाडीत आला होता. मी तेव्हा तिसरीत होते. रोज सकाळी पोफळीखाली हिरव्या सुपाऱ्यांचा सडा पडलेला असायचा. सुपारी विकून आमच्या घराची कौले बदलायची होती, ती राहिली. आजोबा म्हणाले की कोणाची तरी दृष्ट लागली. शेजारच्या काकी वाडी बघून गेल्या होत्या, म्हणून त्यांच्यावर संशय घेतला. मग दोन्ही घरांचे बोलणे बंद झाले. त्यांची मुलगी माझी मैत्रीण आहे. तीपण माझ्याशी खेळायला येईना. मला फार वाईट वाटायचे.

आता कोलमनसाहेबांनी काय केले ते सांगते. त्यांनी कुजलेल्या सुपाऱ्या घेतल्या आणि सूक्ष्मदर्शकातून तपासल्या. तेव्हा त्यांना दिसले की हा रोग एका बारीकशा जीवामुळे होतो. तो डोळ्यांना दिसत नाही. त्याच्या जातीचे नाव फायटोप्थोरा. याचा अर्थ झाडांचा नाश करणारा. तेव्हा त्याला बुरशी म्हणत. आता शास्त्रज्ञ त्याला वेगळ्या गटात धरतात. गंमत म्हणजे त्याच्या बीजांना शेपट्या असतात आणि ती पाण्यात चक्क पोहतात. पावसाच्या थेंबांबरोबर आणि वाऱ्याबरोबर हा रोग एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जातो. १९१० साली कोलमन यांनी या रोगावर आपले संशोधन प्रसिद्ध केले.

मलनाडातले बागायतदार पूर्वीपासून घडांवर गवताची किंवा पानांची टोपी बांधत असत, म्हणजे घड भिजत नाही. कोलमन यांनी औषध फवारायला शिकवले. त्या औषधाचे नाव बोर्डो मिश्रण. ते १८८५ साली फ्रान्स देशात मिलार्डे नावाच्या शास्त्रज्ञाने द्राक्षांच्या रोगासाठी जाहीर केले होते. द्राक्षाचे औषध सुपारीला चालले! एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि शंभर लिटर पाणी असे त्याचे प्रमाण आहे. लोखंडी भांडे चालत नाही. औषध नीट झाले की नाही हे बघायला त्यात लोखंडी कोयता बुडवतात. कोयत्यावर तांबूस थर आला तर चुना आणखी घालायचा.

कोलमन पुढे म्हैसूर संस्थानाच्या शेती खात्याचे पहिले संचालक झाले. त्यांनी १९१३ साली बंगळूरजवळ हेब्बाळ येथे शेतीची शाळा सुरू केली. कॉफीच्या झाडांवरही रोग पडत, म्हणून १९२५ साली बाळेहोन्नूर येथे कॉफीचे संशोधन केंद्र काढले. सुमारे २५ वर्षे त्यांनी आपल्या देशातल्या शेतकऱ्यांची सेवा केली. मग ते कॅनडाला परत गेले. १९५४ साली त्यांचे निधन झाले.

ही माहिती मला कशी मिळाली? १ जुलैला कृषिदिनी आपल्या शाळेत कृषी सहायक साहेब आले होते. त्यांनी कोळेरोग समजावला आणि कोलमन यांचे नाव सांगितले. नंतर गुरुजींनी मला बाकीची माहिती दिली. मी घरी जाऊन सगळे आजोबांना सांगितले. आजोबा आधी हसले. मग मी त्यांना विचारले की काकींच्या पोफळींच्यापण सुपाऱ्या गळल्या होत्या, तर त्यांना कोणाची दृष्ट लागली? आजोबा गप्प बसले.

चार दिवसांनी उघाडी पडली तेव्हा आजोबांनी पाडेली बोलावला आणि फवारणी करून घेतली. खरे म्हणजे पहिली फवारणी पाऊस सुरू व्हायच्या आधी करायची असते आणि पुन्हा दीड महिन्याने दुसरी. आम्हाला उशीर झाला. त्यामुळे यंदाही थोडी गळ आहे. मी आणि बाबा गळलेल्या सुपाऱ्या रोज वेचून लांब खड्ड्यात पुरतो, कारण त्यांच्यातून रोग परत पसरतो.

एकट्या आमच्या वाडीत फवारून भागत नाही. वारा कुंपण ओळखत नाही. म्हणून आजोबा स्वतः काकींच्या घरी सांगायला गेले. एक वर्षाने ते त्यांच्या ओटीवर बसले. काकींनी चहा दिला. आजोबा दृष्टीचे काही बोलले नाहीत, पण माझी मैत्रीण आता खेळायला येते.

पालकांनो, तुमच्या सुपाऱ्या गळत असतील तर कोणावर आळ घेऊ नका. कृषी सहायकांना विचारा आणि गळलेल्या सुपाऱ्या आधी गोळा करा.

दूर देशातून येऊन आपल्या झाडांचा रोग ओळखणाऱ्या डॉ. कोलमन यांना माझा नमस्कार.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी